क्रूझवरून उतरल्यावर : आजी-आजोबा, दोन पोरं आणि कॅरिबियन बेटं

एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत सासूबाई-सासरे सांगलीहून न्यू जर्सीला आमच्याकडे आलेले होते. सहा वर्षांचा धाकटा, अकरा वर्षांची थोरली, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि आम्ही दोघं, अशा सगळ्यांना एकाच वेळी झेपेल अशी सहल म्हणजे क्रूझ, असं जो तो सांगत होता. जहाजावर काय काय असतं यावर इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं आहे. आमची चिंता वेगळीच होती. बेटावर उतरल्यावर मिळणाऱ्या सहा-सात तासांत आईंचे गुडघे, पोराची भूक आणि जहाज सुटायची वेळ सांभाळून करायचं काय? म्हणून जहाजाबद्दल कमी आणि बेटांबद्दल जास्त लिहितेय.

बुकिंगचं फार सांगत नाही. जहाज पोर्टो रिकोच्या सॅन हुआनहून सुटून तिथेच परत येणारं घेतलं. फ्लोरिडाहून निघणारी जहाजं या पट्ट्यात यायला दोनेक दिवस नुसती पाणी कापत बसतात, सॅन हुआनहून जवळजवळ रोज एक बेट मिळतं. शिवाय ही सगळी बेटं सॅन हुआनच्याच घड्याळावर चालतात. जहाजाची वेळ आणि बेटाची वेळ असा घोळ होत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मात्र अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना आणि प्रत्येक बेटाचा नियम काय, हे दोन्ही पैसे भरायच्या आधी बघावं.

घरातून निघतानाच एक नियम केला : एका बेटावर एकच मोठी गोष्ट. नवऱ्याने तयार केलेल्या एक्सेल शीटला तिथेच कात्री लागली.

रविवार : सॅन हुआन

आदल्या दिवशीच पोचलो होतो. जहाज असेल त्याच दिवशी सकाळचं विमान पकडण्याचं धाडस करू नये, विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. सकाळ हाताशी होती म्हणून जुन्या सॅन हुआनमधला एल मोरो किल्ला गाठला. स्पॅनिश लोकांनी 1539 मध्ये बांधायला घेतलेला, समुद्रात घुसलेल्या टोकावरचा हा किल्ला आज युनेस्कोच्या यादीत आहे. 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. आत उतार, पायऱ्या, तोफा आणि तटाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर घुमटीसारख्या चौक्या. थोरली प्रत्येक चौकीत शिरून फटीतून शत्रूची गलबतं शोधत होती.

पण पोरांना खरं वेड लावलं ते किल्ल्यासमोरच्या हिरव्यागार माळाने. तिथे अख्खं शहर पतंग उडवायला येतं. वारा असा की धावायची गरजच नाही, पतंग हातातून सोडला की वर. कोपऱ्यावरच्या विक्रेत्याकडून दोन घेतले. बाबांनी दोऱ्याला हात लावून पाहिला आणि ‘मांजा नाही, साधा दोरा आहे’ असा निर्वाळा दिला. काटाकाटी नाही म्हटल्यावर त्यांचा रस थोडा उतरला, तरी तासभर रीळ त्यांच्याच हातात होतं. धाकटा आणि आई सावलीत बसून पिरागुआ खात होते. म्हणजे बर्फाचा गोळा, पेल्यात. चिंचेच्या पाकाचा घ्यावा.

माळावर सावली अजिबात नाही. टोप्या आणि पाणी न घेता जाऊ नका. पार्किंगही किल्ल्यापाशी नाही, गावातल्या निळसर दगडी रस्त्यांवरून चढत जावं लागतं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टॅक्सी थेट माळाच्या तोंडाशी सोडते.

दुपारी जहाजावर. सुरक्षेची कवायत, जेवण, झोप.

सोमवार : सेंट थॉमस

सकाळी पडदा सरकवला तर खिडकीभर डोंगर आणि त्यावर लाल छपरांची घरं. ही बेटं, म्हणजे यूएस व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकेने 1917 साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेतली. गाव अजून राणीच्या नावाने शार्लट अमाली म्हणूनच ओळखलं जातं. अमेरिकेचा मुलूख असून गाड्या डावीकडून धावतात आणि गंमत म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. पुढच्या बाकावर बसलेले बाबा प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होते.

इथल्या टॅक्सीला सफारी म्हणतात : ट्रकच्या मागच्या भागात ओळीने बाकं, वर छप्पर, बाजू उघड्या. भाडं माणशी ठरलेलं असतं, तरी चढायच्या आधी विचारून घ्यावं. पट्टे नसतात, तेव्हा लहान मूल मधल्या जागी बसवावं. उघड्या गाडीची भीती वाटत असेल तर बंद व्हॅन मागता येते.

आम्ही मेगन्स बे निवडला. डोंगर ओलांडून उत्तरेला उतरलं की दोन्ही बाजूंनी टेकड्यांनी कवेत घेतलेला हा खोलगट उपसागर लागतो. आत लाटच येत नाही. जवळपास मैलभर लांब पुळण, कितीतरी पावलं आत गेलं तरी पाणी कमरेएवढं. जीवरक्षक, स्वच्छ संडास, कपडे बदलायला खोल्या, खायला दुकान असं सगळं आहे. प्रवेशाला पैसे पडतात आणि ते वसूल होतात.

आई आयुष्यात समुद्रात घोट्यापलीकडे गेलेल्या नव्हत्या. चौपाटी म्हणजे भेळ आणि ओले झालेले साडीचे काठ, एवढाच त्यांचा समुद्राशी संबंध. इथे पंजाबी ड्रेसमध्ये हळूहळू पुढे गेल्या, नातवाचा हात धरून. मग खाली बसल्या. गळ्यापर्यंत पाण्यात, निवांत, आपल्याच घरच्या न्हाणीघरात बसल्यासारख्या. ‘अगं, हे ढकलत नाही,’ म्हणाल्या. तासभर बाहेर आल्या नाहीत.

जेवताना हातभर लांबीचा इग्वाना जातीचा सरडा टेबलाखाली आला. धाकट्याने फ्रेंच फ्राय पुढे केली, शेजारच्या टेबलावरच्या स्थानिक बाईंनी डोळे वटारले. देऊ नये. एकदा सवय लागली की तो पुढच्या पोराच्या बोटाकडे वळतो.

सनस्क्रीनचं लक्षात ठेवा. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेली क्रीम्स यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये 2020 पासून बंद आहेत, प्रवाळाला ती मारक ठरतात म्हणून. झिंक ऑक्साइडचं घरूनच न्यावं. बंदरावर मिळतं, पण किंमत बघून ऊन परवडेल असं वाटतं.

ज्यांना पाण्यात शिरायचंच नाही त्यांनी कोकी पॉइंटचं कोरल वर्ल्ड बघावं. समुद्राच्या तळाशी उतरणारा मनोरा आहे, काचेतून मासे आपल्याला बघतात. तो आमच्या एक्सेलमध्ये होता. नियम आड आला.

मंगळवार : समुद्रावर

दिवसभर पाणी. पोरं किड्स क्लबमध्ये, आम्ही खुर्च्यांवर.

आमच्या टेबलावर वाढणारा पोरगा सावंतवाडीकडचा निघाला. जहाजावर गोव्याची आणि कोकणची माणसं भेटतातच, गोव्यात तर घरटी कोणीतरी ‘शिपी’, म्हणजे जहाजावर नोकरीला, असतो. आईंनी ताटातल्या उकडलेल्या ब्रोकोलीकडे पाहून सुस्कारा सोडला तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला, ‘आजी, काय्येक काळजी करू नकात. किचनात सांगान ठेवतंय.’ दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री वरण, भात आणि कुठलीतरी कोरडी भाजी यायला लागली. शाकाहारी असाल तर पहिल्याच रात्री हेड वेटरला सांगून ठेवा, एक दिवस आधी कळलं की ते बरंच काही करतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर असलेला तो मुलगा आईंशी तांदूळ, हापूस आणि गणपतीच्या सुट्टीबद्दल बोलायचा. या वर्षीही चतुर्थीला त्याला सुट्टी मिळणार नव्हती.

त्यानेच एक मोलाची गोष्ट सांगितली. धाकट्याच्या अंगात लष्करी छापाची हाफ पँट होती. ‘ती उद्या घालू नकात हां.’ बार्बेडोस आणि सेंट लुशियात लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणं कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांनाही सूट नाही. टोपी, पाठीवरची पिशवीसुद्धा चालत नाही. पँट बॅगेच्या तळाशी गेली.

बुधवार : बार्बेडोस

हे बेट बाबांचं. सहलीचा कार्यक्रम हातात पडल्यापासून ते फक्त या एका दिवसाबद्दल विचारत होते.

केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनच्या बंदरापासून चालत जाता येईल इतकं जवळ आहे. ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी आधी तिकडेच निघालो. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे, बॅट उगारलेला. बाबा त्याच्यासमोर चपला काढतात की काय अशी मला शंका आली. सामना नव्हता, फाटक अर्धवट लावलेलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘इंडिया?’ मग स्वतःहून म्हणाला, दोन मिनिटं आत या, गवतावर पाय ठेवू नका.

29 जून 2024 ला याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. पहारेकऱ्याने हात लांब करून सीमारेषेचा एक तुकडा दाखवला : शेवटच्या षटकात सूर्यकुमारने मिलरचा झेल घेतला तो तिथे. थोरलीने ताबडतोब आमच्या बाजूच्या सिमेंटवर तो झेल करून दाखवला. चेंडू हवेत सोडणं, दोरीपलीकडे पाऊल, परत आत, सगळं. पहारेकऱ्याने टाळ्या वाजवल्या.

बाबा मात्र 1971 मध्ये होते. अजित वाडेकरांचा संघ, वेस्ट इंडीजमध्ये भारताने जिंकलेली पहिली मालिका. ते तेव्हा कॉलेजात, रेडिओच्या बातम्यांत धावसंख्या ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरसाठी वाचनालयात रांग लावायची. ‘इथे सोबर्सने आपल्याला बदडलं. नाबाद 178. मग मडगावच्या सरदेसाईने 150 काढल्या आणि दुसऱ्या डावात सुनीलने नाबाद 117. हरायचा सामना वाचवला.’ हेल्मेट नाही, समोर वेस्ट इंडीजचे गोलंदाज आणि पोराची पहिलीच मालिका, त्यात 774 धावा, हे सगळं ते मराठीतून सांगत होते. पहारेकऱ्याला त्यातलं ‘गावस्कर’ आणि ‘सोबर्स’ एवढंच कळत असणार, पण मान मात्र योग्य ठिकाणी हलत होती. दोन मिनिटांची वीस कधी झाली कळलं नाही.

आत सोडतील याची खात्री धरू नका, मैदानावर काय चाललंय त्यावर ते असतं. पण बाहेरचा पुतळा कोणीही बघू शकतं.

तिथून टॅक्सीने कार्लाइल बे. शहराला लागूनच असलेला हा किनारा मुलांसाठी अप्रतिम आहे. पाणी सपाट आणि उथळ, तळाशी मुद्दाम बुडवलेली जुनी जहाजं, त्यामुळे मासे भरपूर. छोट्या बोटी तासा-दीड तासासाठी कासवं बघायला नेतात. लाइफ जॅकेट, मास्क, नळी बोटीवरच मिळतं. आई-बाबा बोटीत बसले, आम्ही उतरलो. नवऱ्याने धाकट्याला काखेत धरलेलं. पहिल्यांदा नुसतं निळं, मग खालून एक मोठी तपकिरी थाळी वर येताना दिसली. कासवाने आमच्यापासून हातभर अंतरावर डोकं पाण्याबाहेर काढलं, फुस्स करून श्वास टाकला, डोळ्याची सुरकुतलेली पापणी एकदा मिटली आणि परत खाली. धाकट्याने मास्कच्या आतून किंकाळी फोडली, ती नळीतून भोंग्यासारखी बाहेर आली. बोटीवरचे सगळे हसले.

कासवांना हात लावू नये, हे मुलांना बोटीत बसायच्या आधीच दहादा सांगून ठेवा. काही बोटवाले मासे टाकून त्यांना जवळ बोलावतात. आमच्या बोटवाल्याने तसं केलं नाही आणि तरी कासवं आली.

आणखी एक सांगायलाच हवं, मँचिनील. या बेटांच्या किनाऱ्यावर हे झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, सावली गार. सगळं विषारी. चीक अंगावर पडला तर फोड येतात, पावसात झाडाखाली उभं राहिलं तर थेंबांबरोबर तोच चीक खाली येतो. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला किंवा पाटी लावलेली असते. पाटी नसली तरी किनाऱ्यावर पडलेलं कुठलंही फळ पोरांनी उचलायचं नाही, हा घरचा कायदा करून टाका.

खाण्याच्या बाबतीत बार्बेडोस उजवं. आम्ही मासे खाणारे तिघं फिश केक घातलेल्या पावावर तुटून पडलो. सॉल्ट ब्रेड म्हणतात त्याला, खारट नसतो, बाहेरून कडक आतून मऊ. वर तिथला पिवळा तिखट सॉस, मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा, तो बेतानेच घ्यावा. शाकाहाऱ्यांसाठी रोटी शोधावी. त्रिनिदादला 1845 पासून ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर गेलेली ही रोटी आता सगळ्या कॅरिबियनची झाली आहे. मोठ्ठी मऊ पोळी, आत बटाटा आणि छोले, चारी बाजूंनी घडी घालून कागदात. आईंनी एक उलगडून आतली भाजी तपासली, पोळीचा तुकडा मोडून बोटांत चोळला. ‘लाटणारी बाई हुशार आहे,’ म्हणाल्या आणि अर्धी धाकट्याला न देता संपवली.

अमेरिकेचे डॉलर सगळीकडे चालतात. बार्बेडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हे प्रमाण बांधलेलं आहे. दर ऐकलात की कुठले डॉलर ते विचारा.

गुरुवार : सेंट लुशिया

सगळ्यात देखणं बेट आणि पोटाला सगळ्यात जड. कॅस्ट्रीजच्या बंदरापासून सूफ्रिएरला जाणारा रस्ता तासाभराहून जास्त नुसता वळतो. थोरलीचा चेहरा तिसऱ्या वळणालाच पांढरा पडला. आमची सहल जाताना व्हॅन आणि येताना कॅटमरान बोट अशी होती. दोन्हीकडून रस्त्याने जाऊ नका, हाच या बेटाबद्दलचा माझा मुख्य सल्ला. आणि हे एक बेट असं, जिथे जहाजाचीच सहल घ्यावी असं मी म्हणेन. रस्त्यावर झाड पडलं, दरड आली तर वेळेचा भरवसा नाही. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

व्हॅनचा ड्रायव्हर म्हणजे चालतं-बोलतं गॅझेटियर. हे बेट फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये चौदा वेळा हात बदलून गेलं, म्हणून शाळेत इंग्रजी आणि घरी फ्रेंच वळणाची क्रिओल. आमच्या एवढ्याशा देशाला दोन नोबेल, हे तो तीनदा म्हणाला : अर्थशास्त्राचं आर्थर लुईस यांना 1979 मध्ये, साहित्याचं डेरेक वॉलकॉट यांना 1992 मध्ये. मध्ये एका खेड्यात थांबवून कसावा या कंदाची गरम भाकरी खायला घातली, नारळ घातलेली. तिने थोरलीचं पोट ताळ्यावर आलं. तिथेच आईंनी चिंचेच्या गोळ्यांची पाकिटं घेतली, साखरेत घोळवलेले, आंबट-गोड-तिखट.

एका वळणावर दोन्ही पिटॉन्स एकदम समोर आले. समुद्रातून सरळ उठलेले दोन सुळके, खाली हिरवं पाणी. त्यानंतर गंधकाचे झरे, जिथे गाडी थेट ज्वालामुखीच्या विवरात जाते. राखाडी पाणी खदखदतंय, वाफ, आणि सडक्या अंड्यांचा असा वास की धाकटा नाक दाबून एकेकावर आरोप करत सुटला. पूर्वी माणसांना अगदी काठाशी जाऊ देत, आता लांबच्या कठड्यावरून बघायचं.

खालच्या बाजूला चिखलस्नानाची कुंडं आहेत. पाणी चांगलंच कढत असतं, लहान मुलांनी पाय बुडवावेत, फार वेळ बसू नये. मग बादलीतला चिखल अंगाला फासायचा, वाळू द्यायचा, धुवायचा. फिकट रंगाचे पोहण्याचे कपडे घालू नका, डाग जात नाहीत. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात. गाइडने हे सांगितलं तेव्हा आईंनी पायांकडे बघितलं. जोडवी चाळीसएक वर्षांत बोटातून निघालेली नव्हती आणि निघणारही नव्हती. ‘पडू देत काळी,’ म्हणून त्या कुंडात पाय सोडून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा जोडवी खरोखर कोळशासारखी झालेली. रात्री केबिनमध्ये धाकट्याने स्वतःच्या टूथब्रशने आणि पेस्टने ती घासून दिली. ब्रश अर्थात गेला.

येताना कॅटमरानवर वारा, केळ्याचे चिप्स, मध्येच एका छोट्या खाडीत पोहायला थांबा. थोरली पूर्ण बरी.

शुक्रवार : सेंट किट्स

बाबांची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात झाली. उसाच्या रेल्वेत बसायला मिळणार हे कळल्यावर त्यांनी ‘बरं’ एवढंच म्हटलं होतं. केन्सिंग्टन ओव्हलनंतर आता काय उरलंय, असा तो ‘बरं’ होता.

सेंट किट्सची ही गाडी 1912 ते 1926 या काळात बांधली गेली. मळ्यांतला ऊस बासेटेरच्या कारखान्यात आणायला बेटाभोवती नॅरोगेजचा रूळ टाकला. साखरेचा धंदा तोट्यात जात जात अखेर 2005 मध्ये सरकारने बंद केला, रूळ मात्र राहिला आणि त्यावर आता पर्यटक फिरतात. साधारण 18 मैल गाडीने, उरलेले 12 मैल बसने, असा बेटाला पूर्ण वळसा तीनेक तासांत. दुमजली डबे. खाली एसी आणि मोठ्या खिडक्या, वर उघडा मजला, आणि प्रत्येकाला दोन्हीकडे जागा मिळते. म्हणजे आजी खाली, पोरं वर, भांडण नाही. कुटुंबासाठी इतकी सोयीची गोष्ट संपूर्ण सहलीत दुसरी नव्हती.

गाडी हळू चालते आणि बरीच हलते. लोखंडी पुलांवरून घळी ओलांडताना वरच्या मजल्यावरून खाली बघवत नाही. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला ढगात डोकं घातलेला डोंगर, मध्ये पडीक रान. त्या रानाकडे बघत बाबा एकदम उठून उभे राहिले. ‘हा ऊसच आहे. खोडव्याचा खोडवा.’ वीस वर्षं कोणी तोडला नाही, लावला नाही, आपापला उगवतोय. मधूनच दगडी पवनचक्कीचा बुंधा आणि पडक्या धुराड्यांच्या विटा. बाबा सुरूच झाले. बैलगाडीपेक्षा रूळ बरा, कारण तोडल्यावर ऊस जितका लवकर गाळपाला जाईल तितका उतारा (उसातून निघणारी साखर) चांगला. बेटावर एकच कारखाना, मग हंगाम किती दिवसांचा असेल? मळीची दारू होत असणार. डब्यातल्या मदतनीस बाई शीतपेयं वाटता वाटता थबकल्या. त्यांचे वडील ऊसतोडीला जायचे. मी दुभाष्याचं काम करत होते, पण ‘उतारा’ या शब्दाशी मी अडखळले तेव्हा बाबांनी हाताने पिळण्याची खूण केली आणि बाईंना ती लगेच कळली. वडिलांच्या हातांवर पानांचे ओरखडे असायचे, त्या म्हणाल्या. बाबांनी नुसती मान हलवली. पाचट कापतं, ते सगळीकडे सारखंच.

बाईंनी अजून एक सांगितलं. ब्रिटिश राज्यात 1834 मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत हा सगळा ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी काढला. त्या सहज, हवापाणी सांगावं तशा बोलल्या. थोरलीने मग बराच वेळ प्रश्न विचारले. काहींची उत्तरं माझ्याजवळ नव्हती, बाईंनी ती दिली.

मग तिघांचा गाण्याचा ताफा डब्यात आला, वाद्यांशिवाय, टाळ्यांवर. रुळाकडेच्या शाळेतली पोरं कुंपणाला लोंबकळून हात करत होती आणि धाकटा प्रत्येकाला वेगळा हात करत होता.

एक तक्रार : बंदरावर माकडं खांद्यावर ठेवून फोटो काढून देणारे लोक असतात. डायपर घातलेली पिल्लं. आम्ही पैसे दिले नाहीत. बेटावर हिरवी माकडं रानात भरपूर आहेत, गाडीतूनच दिसली आणि ती जास्त छान दिसली. ज्यांना किल्ल्याची हौस आहे त्यांनी ब्रिमस्टोन हिल बघावा, तोही युनेस्कोच्या यादीतला, पण चढ आहे. गाडीचं तिकीट मात्र आधी काढा, जहाजं दोन-तीन लागली की ती भरते.

शनिवार : सेंट मार्टेन

सगळे दमलेले. त्यामुळे फक्त विमानं. माहो नावाचा छोटासा किनारा विमानतळाच्या धावपट्टीच्या तोंडाशी आहे, उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. अक्षरशः. मोठी विमानं दुपारच्या सुमारास येतात, फोनवर फ्लाइट ट्रॅकर लावून बसलं की झालं. चाकांमधलं ग्रीस दिसेल इतक्या खालून पहिलं विमान गेलं आणि आईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. धाकट्याला तिथून हलवणं अशक्य होतं.

उतरणारी विमानं बघा, उडणाऱ्यांच्या मागे उभं राहू नका. कुंपणाला धरून इंजिनाचा झोत अंगावर घ्यायची काही जणांना खुमखुमी असते. 2017 मध्ये तिथे एका पर्यटक महिलेचा जीव गेला आहे. पाट्या आहेत, तरी लोक उभे राहतात. मुलांना घेऊन पाण्याच्या बाजूला, धावपट्टीच्या रेषेपासून लांब बसावं. परतताना वेळ हातात ठेवा. वाटेतला सिम्पसन बेचा पूल बोटींसाठी उघडला की सगळी वाहतूक ठप्प होते, आमची टॅक्सी बराच वेळ जागची हलली नाही.

फिलिप्सबर्गला फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांतून हिंदी ऐकू येते. सिंधी व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एका दुकानदाराने आईंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा खराखुरा होता, आलं घालून उकळलेला. ‘माताजी, लेना कुछ नहीं है तो भी बैठिए.’ आईंनी काही घेतलं नाही. बाबांनी सुनेला कळणार नाही अशा बेताने घड्याळाचा पट्टा घेतला.

रविवार : परत

बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि औषधं आठवणीने बाहेर काढा, नाहीतर नाइट ड्रेसमध्ये इमिग्रेशनला उभं राहायची वेळ येते. दुपारनंतरचं विमान घ्यावं. सॅन हुआनच्या विमानतळावर मुख्य भूमीकडे जाणाऱ्या बॅगा शेतकी खात्याच्या एक्स-रेतून जातात, ताजी फळं, रोपं, माती यांवर त्यांचं बारीक लक्ष असतं.

आईंची बॅग बाजूला काढली. अधिकाऱ्याने चिंचेच्या गोळ्यांचं पाकीट वर धरून पाहिलं, ‘तामारिंदो,’ असं स्वतःशीच म्हणाला आणि परत ठेवलं. आईंनी लगेच पाकीट फोडून त्याच्यासमोर एक गोळा धरला. तो ड्यूटीवर होता, नको म्हणाला. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी मात्र घेतला.